चुलीमागे एक हात

आमच्या वसाहतीत पहिल्यांदा येणारा टांगेवाला हमखास शिव्या देतो. मोठ्या रस्त्यावरून गल्ली सरळ आत येते आणि मध्येच, काही कारण नसताना, एखाद्या बैलानं अंग चोरावं तशी डावीकडे सरकते. चार पावलं गेली की पुन्हा सरळ. तिथे देऊळ नाही, विहीर नाही, जुनं झाडही नाही. नवीन माणूस विचारतो, मोजणीदार प्यायलेला होता का? मोजणीदार चांगला शुद्धीवर होता. त्यानं कागदावर गल्ली सुतासारखी सरळच आखली होती. ती वाकडी आम्ही केली, आणि ठरवून केली. त्या वाकणात माझं घर आहे, तेव्हा ही हकिगत मीच सांगितलेली बरी.

मी धुळ्याला आले ती लग्न होऊन. माहेर कोकणात, खाडीच्या काठाला. मराठी तिसरीत होते तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले. आज जाईन, उद्या जाईन म्हणता म्हणता शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरओळख तेवढी अंगाला चिकटून राहिली. घर आमचं होतं, पण खालची जमीन खोताची. पडवी वाढवायची तर वडील आधी खोताच्या ओसरीखाली जाऊन उभे राहत. पावसात कुडाची भिंत पडली तरी ती विचारल्याशिवाय उभारायची सोय नव्हती. आम्हाला कोणी कधी उठवलं नाही, हे खरं आहे. पण "उठा" म्हटलं की उठावं लागेल, हे आम्हा भावंडांना बोलायला लागायच्या आधी कळत होतं. खोताचा माणूस बांधावरून येताना दिसला की आई हातातलं काम तसंच धरून उभी राही. ती धास्ती मी माहेरहून बरोबर घेऊन आले. बाकी आणायला फारसं काही नव्हतं.

इकडे आमचे हे एका जिनात इंजिनावर कामाला होते. जिनात कापसाची सरकी काढतात. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. जुन्या धुळ्यात आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. माझा संसार जेमतेम लागतो तोच आमच्या बोळात उंदीर पडायला लागले. प्लेगचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना याहून जास्त सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना एवढंच सांगते, की मेलेला उंदीर दिसला की माणसं घर सोडून गावाबाहेर मोकळ्यावर झोपड्या बांधून राहत. घरमालक दाराशी आला आणि म्हणाला, "निघा." तो आमच्या भल्यासाठीच सांगत होता, पण मला शब्द तेवढाच ऐकू आला.

यांना इंजिन सोडून लवकर निघता आलं नाही. आम्ही पांझरा ओलांडून पलीकडच्या शेतात पोचलो तेव्हा तुरीच्या तुराट्यांच्या आणि कापसाच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्यांची रांग लागून गेली होती. रांगेत एकच जागा रिकामी होती, आणि ती रिकामी होती कारण तिथे भलं मोठं बाभळीचं झुडूप होतं. ते तोडायला कोणाला सवड नव्हती. आम्ही झुडपाच्या बाजूला, रांगेच्या जरा बाहेर, झोपडी घातली. शेजारच्या झोपडीतून एक बाई बाहेर आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, लुगड्याचा काचा मारलेला, हातात उलथनं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय व, रडस कसाले? अठे बठ्ठास्नी झोपडीच शे."

मला तिची अहिराणी निम्मी कळली, इथे सगळ्यांनाच झोपडी आहे एवढी. पण मी रडायची थांबले. त्या अक्का. पुढे सगळी वसाहत त्यांना अक्काच म्हणायला लागली.

झोपड्यांत सगळे सारखे झाले होते असं मी लिहिणार नाही. नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरे खणले, तेव्हा कोणी कोणत्या झिऱ्यावर भरायचं याचे नियम गावातून बरोबरच आले होते. पण काही नवीनही झालं. नगरपालिकेचा ओव्हरसियर रोज सकाळी घोड्यावरून यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "किती?" त्याला उत्तर द्यायला आबा पुढे व्हायचे. आबांचं बाजारात धान्याचं दुकान होतं. घराणं मारवाडातलं, पण इकडे तीन पिढ्या काढलेल्या. आबा माणसं मोजून सांगत नसत, चुली मोजून सांगत. "इतक्या चुली." ओव्हरसियरला तेवढं पुरे होतं. मग आमच्यातही तीच बोली पडली. पहारा चुलीमागे एक माणूस. झिरा उपसायला चुलीमागे एक माणूस. भांडण झालं आणि निवाडा करायचा झाला, तरी चुलीमागे एकानं हात वर करायचा. हे कोणी शिकवलं नव्हतं. आपसूक पडलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा उंदीर पडले. आम्ही पुन्हा नदी ओलांडली, आणि गंमत अशी की कोणी काही न बोलता जो तो आपल्या गेल्या सालच्या जागेवर जाऊन उभा राहिला. बाभूळ आणखी वाढली होती. आम्ही तिच्या बाजूला.

तिसऱ्या वर्षी साथ ओसरली, लोक गाठोडी बांधायला लागले, तेव्हा अक्का आपल्या झोपडीपुढे बसून राहिल्या. त्यांचे यजमान बैलगाडी जुंपून उभे. अक्का म्हणाल्या, "मी नही जात. दर साल उठा नि दर साल जा. त्यापेक्षा अठेच ऱ्हासू." यजमान हसले, बैलांना म्हणाले, "ऐका." पण त्या हसण्यासारखं बोलल्या नव्हत्या. गावातल्या अंधाऱ्या बोळात परत जायचं कोणाच्याच मनात नव्हतं. ते आधी त्या बोलल्या, इतकंच.

त्या बोलण्यातून पुढची सगळी वर्षं निघाली. शेतकऱ्याशी बोलणी आबांनी केली. सोसायटी करायची, ती सरकारात नोंदवायची, नियम लिहायचे, हे नानांनी केलं. नाना कोर्टात कारकून होते. अंगानं सडपातळ, कोटाची सगळी बटणं लावलेली, आणि शब्द असा तोलून टाकणार की ऐकणाऱ्यालाच घाई व्हावी. नियमांत नानांनी एक नियम सगळ्यांत वर घातला: जो राहील त्याचंच घर. भाडेकरू ठेवायचा नाही. कुलूप लावून जायचं नाही. सभासद वर्षभर घरात राहिला नाही तर जागा सोसायटीला परत.

हा नियम यांनी मला वाचून दाखवला तेव्हा मी तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हटलं, "म्हणजे आपण राहतोय तोवर आपल्याला कोणी उठा म्हणणार नाही?"

"कोण म्हणणार? मालक आपणच."

"आणि जमीन?"

"तीही सगळ्यांची. म्हणजे आपली."

मला ते खरं वाटायला फार वेळ लागला.

मग मोजणीदार आला. साखळी टाकून, खुंट्या ठोकून त्यानं दोन सरळ गल्ल्या आखल्या आणि म्हणाला, आता चिठ्ठ्या टाका, ज्याला जो तुकडा येईल तो त्याचा. पुरुष तयार झाले. बायका नाही झाल्या. कारण साधं होतं. कोणाच्या बाळंतपणाला कोण धावलं होतं, कोणाचं पोर तापात असताना कोणी उशाशी बसून रात्र काढली होती, ते सगळं झोपड्यांच्या रांगेत बसलेलं होतं. चिठ्ठी टाकली की ती रांग मोडणार. अक्का मोजणीदारापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मोजणीदार भाऊ, तुमना कागद सरळ शे. पण आमना शेजार वाकडा शे. कागद वाकडा करा."

तो आबांकडे बघायला लागला. आबांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "नियमात गल्ली सरळ पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही." झालं. झोपड्यांच्या जागी घरं आणि झोपड्यांच्या क्रमानं शेजार. बाभूळ तोडली तरी आमची जागा बाजूलाच राहिली, कारण पलीकडचे कोणी सरकायला तयार नव्हते. म्हणून गल्ली तिथे अंग चोरते.

घरं बांधताना चुलीमागे एक माणूस दुसऱ्याच्या घरासाठी राबायचा. विटा उचलायच्या, चुना मळायचा, माती वाहायची. मी अक्कांच्या घरासाठी पाणी भरलं आणि त्यांनी माझ्या घराच्या जोत्यासाठी माती चोपली. छपराचा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांना कौलंच हवी होती. खान्देशात घराला धाबं असतं. लाकडी तुळया, वर काठ्या, त्यावर मातीचा जाड थर, सपाट. पण ते खेड्यातलं, मंगळुरी कौलांचं घर म्हणजे पक्कं, शहरातलं. आणि मग सगळे माझ्याकडे यायला लागले.

"वहिनी, तुम्ही कोकणातल्या. कौलांचं तुम्हाला ठाऊक."

मी खरं सांगितलं. "आमच्या घरावर पेंढा होता. कौलं खोताच्या घरावर होती. मी लांबून पाहिली."

कोणाला पटलं नाही. विनय करते म्हणाले. गवंड्यानं शेवटपर्यंत उतार मला विचारून धरला आणि मी दर वेळी, हो, असंच असतं, म्हणून मान हलवली. देवाच्या कृपेनं गळलं नाही.

राहायला गेलो त्या दिवशी शेजारपाजार येऊन गेला. मग मी दगड घेतला आणि भिंतीत एक खुंटी ठोकली. लुगडं टांगायला. खुंटी नीट बसली नाही, जरा वाकडी गेली, थोडा गिलावा पडला. मी दगड हातात घेऊन उभी राहिले. कोणी काही म्हणालं नाही. मग शेजारी आणखी एक ठोकली. कारण नव्हतं. ठोकता येते म्हणून ठोकली.

तिथून वसाहत वाढत गेली. पहिली काही वर्षं आम्ही गावाच्या दृष्टीनं पलीकडचे होतो. पोस्टमन पत्रं नदीवरच्या चहावाल्याकडे ठेवून परत जायचा. मग मागच्या शेताचा तुकडा घेतला, तिसरी गल्ली झाली. एका शिंप्यानं दार उघडलं, एका सुतारानं. स्वतःची विहीर खणली, तिला गोडं पाणी लागलं. त्या दिवशी गावातले लोक पाणी चाखायला आले आणि आम्ही यजमानासारखे पेले भरून दिले. दारोदारी कडुनिंब लावले. रस्त्याला खडी पडली. आमच्या पोरांना गावातल्या शाळेत "झोपडीवाले" म्हणून चिडवत; पुढे असं झालं की चिडवणाऱ्यांचे बाप आबांकडे जागा विचारायला येऊ लागले. आबा त्यांना एकच विचारायचे, "राहणार का, की ठेवणार?" भाडेकरू ठेवणारा निघाला की चहा पाजून परत पाठवत.

नियमाला धाब्याच्या मातीसारखा दरवर्षी चोप द्यावा लागतो. एकानं मेहुणा म्हणून भाडेकरू आणून ठेवला. दुसऱ्यानं कुलूप लावलं आणि नाशकाला गेला. नानांनी दोघांच्याही जागा परत घ्यायला लावल्या. लोक नानांना कडक म्हणत. मी कधी म्हटलं नाही. नाना कडक होते म्हणून वसाहत चाळ झाली नाही, हे मला कळत होतं. कोणी उठवू नये म्हणून तो नियम होता आणि तो मला माझ्या देवाइतका जवळचा होता.

तोच नियम एके वर्षी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

यांचं जिन बंद झालं. धुळ्यात दुसरीकडे इंजिनावर जागा नव्हती. अमळनेरला तेलाच्या कारखान्यात मात्र बारमाही काम मिळत होतं. घरात तीन मुलं. जायला हवं होतंच. मुलांची शाळा इथे म्हणून मी राहिले आणि हे एकटे गेले. कधी मालाच्या मोटारीतून, कधी कोणाच्या बैलगाडीतून, जमेल तेव्हा यायचे. एक पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि मग वर्ष भरायला आलं तसं माझ्या लक्षात आलं की सभासद म्हणून नाव यांचं आहे आणि हे इथे राहत नाहीत.

मी कोणाला बोलले नाही. मनात म्हटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही. पण नानांच्या लक्षात येणारच हेही माहीत होतं. ते रस्त्यात दिसले की मी बाजूनं जाऊ लागले. शेवटी तेच दाराशी आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"वहिनी, विषय बैठकीत घ्यावा लागेल. मी दुसऱ्यांना एक नियम लावला आणि तुम्हाला दुसरा, असं मला करता येणार नाही."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? बरोबरच बोलत होते. ते गेल्यावर मी घरभर फिरले. प्रत्येक वस्तू कुठे न्यायची ते मनात ठरवत होते. तुळस कुंडीत नव्हती, जमिनीत होती, ती कशी न्यायची ते सुचेना.

बैठक मधल्या मोकळ्या जागेवर व्हायची. सतरंजीवर पुरुष, बायका कडेला भिंतीशी. हे त्या रविवारी आले होते. अंगाला तेलाचा वास तसाच. नानांनी विषय मांडला. आवाज नेहमीसारखाच, ना चढा ना उतरता. सभासद अमळनेरला राहतात. वर्ष होत आलं. नियम सगळ्यांना ठाऊक आहे.

हे उठले आणि म्हणाले, "मी नोकरी सोडून येतो." नोकरी सोडली तर खायचं काय?

कडेला बसलेल्या अक्का बोलल्या. बायकांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती. अक्कांना रीत नव्हती.

"नाना, मंग हाई घरमा ऱ्हास कोण? ही काय भूत शे का?"

हसू पिकलं. नाना हसले नाहीत. "अक्का, वहिनी राहतात हे दिसतंच आहे. पण सभासद ते आहेत. नियम सभासदाला लागतो. उद्या कोणी मुंबईला राहील आणि इथे पुतण्या ठेवील, म्हणेल माझंच माणूस आहे. तेव्हा मी काय सांगू?"

दोघे-तिघे पुटपुटले, पण नानांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते मलाही खोटं वाटेना, आणि तेच जास्त लागत होतं.

आबा म्हणाले, "नाना, झोपड्यांत असताना ओव्हरसियर विचारायचा, किती? आपण काय सांगायचो?"

"इतक्या चुली."

"माणसं का नाही सांगायचो?"

नानांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. त्यांची पहिली बायको त्या झोपड्यांतच गेली होती. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी कधी विषय काढत नसे. आबांनीही ते मनात धरून विचारलं नसावं. विचारून बसल्यावर आबा खाली सतरंजीकडे पाहायला लागले.

"माणसं बदलत होती, आबा," नाना म्हणाले. "आज एक आकडा, उद्या दुसरा. चुली तेवढ्याच राहायच्या."

नानांनी कोटाचं वरचं बटण काढलं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "राहणारी ती चूल, असं धरू. पण मग अर्धवट नको. चूल ज्याच्या हातात आहे तो सभासद. यांचं नाव कमी करा, वहिनींचं लावा. त्यांनी बैठकीला यायचं, सतरंजीवर बसायचं आणि हात वर करायचा. नुसतं नाव लावून घरात बसायचं असेल तर माझा विरोध आहे."

आता गडबड झाली. एकजण म्हणाला, "नाना, मग उद्या सगळ्यांच्याच बायका येतील सतरंजीवर."

"सगळ्यांनी अमळनेरला नोकऱ्या धराव्यात," नाना म्हणाले.

यांना विचारलं. हे म्हणाले, "लावा की. घरात हात तिचाच वर असतो." पुन्हा हशा. कोणी अंगठ्यासाठी शाई आणायला निघालं होतं. मी म्हटलं, मला लिहिता येतं. तिसरीतलं अक्षर, मोठंमोठं, दोन माणसांची जागा खाल्ली त्यानं. माझ्या माहेरच्या घराण्यात जमिनीच्या कागदावर नाव असलेलं मी पहिलं माणूस. बाई म्हणत नाही मी. माणूस.

घरी आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, तसा झालाही. पण त्याच्या मागोमाग भीती आली. बैठकीला जायचं, हात वर करायचा. कशासाठी आणि कोणत्या बाजूनं, ते कसं कळणार?

अक्कांनी ते सोपं केलं. पुढच्या बैठकीचा विषय होता मधल्या मोकळ्या जागेवर सगळ्यांची म्हणून एक मोठी खोली बांधायची. दिवसा त्यात लहान पोरांची शाळा भरवायची, कार्य निघालं तर पंगती. खोली सगळ्यांना हवी होती. वाद छपराचा होता. अक्का दुपारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आपले कौलं जोयजेत. आबा 'कौलं' म्हनतीन तव्हय तू हात वर कर." त्यांचं कारण मला ठाऊक होतं. लहानपणापासून माहेरी-सासरी त्यांनी दर पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती चढवून चोपली होती आणि तरी भर पावसात चूल गळतीखाली ठेवलेल्या भांड्यांनी वेढलेली असायची. त्यांचे गुडघे त्या धाब्यांनीच खाल्ले होते.

मी मान हलवली. अक्कांच्या शब्दाबाहेर मी कशी जाणार? मला सावरलं त्यांनी, माझा शेजार राखला त्यांनी, बैठकीत पहिला आवाज त्यांचा.

पण मी कौलांखाली इतके उन्हाळे काढले होते. वैशाखात आमची घरं भट्टीसारखी तापायची. पोरांच्या अंगावर घामोळ्या. झोपायला वर मोकळी जागा नाही. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, कुरडया, वर्षाची मिरची वाळवायची कुठे? गल्लीत बाज टाकली की शेळी येऊन तोंड घालायची. जुन्या गावातल्या बायका आपल्या धाब्यांवर रांगेनं बसून पापड वाळवताना दिसायच्या आणि आम्ही पक्क्या घरांतल्या त्यांच्याकडे बघत राहायचो. कौलं करून आमच्या सगळ्या वसाहतीनं एक चूक केली होती. आमच्यात ती सगळ्यांना कळत होती, पण पक्क्या घरांच्या मोठेपणापायी बोलत कोणी नव्हतं.

बैठकीला मी गेले. सतरंजीच्या कोपऱ्यावर, निम्मी सतरंजीवर निम्मी मातीत अशी बसले. नाना म्हणाले, "वहिनी, पूर्ण बसा." सरकले. अक्का भिंतीशी बसल्या होत्या; त्यांच्या घरचा हात त्यांच्या मुलाचा.

आबा म्हणाले, "कौलं?"

हात वर झाले. अक्कांच्या मुलाचा पहिला. अक्का माझ्याकडे बघत होत्या. माझे हात मांडीवर होते. मी ते उचलले नाहीत. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर छप्पर आहे, पण शेजार गेला.

"धाबं?"

मी हात वर केला. फार नाही, कानापर्यंत. पण नानांनी तो मोजला. माझ्यानंतर आणखी काही हात हळूहळू वर आले. धाबं थोडक्यात जिंकलं.

अक्का भिंतीजवळून उठल्या, पदर झाडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "देखा व! कोकणनी बाई धाबं मांगस, नि खान्देशनी बाई कौलं!" आणि निघून गेल्या. लोक हसले. मी नाही हसले. त्यांच्या चालीवरून मला कळलं की त्या हसत नव्हत्या.

काही दिवस त्यांनी माझ्याकडे विस्तव मागितला नाही, मी त्यांच्याकडे विरजण मागितलं नाही. खोलीचं काम चालू झालं. चुलीमागे एक माणूस, तसे अक्काही आल्या, माती वाहिली, पण माझ्या हातात द्यायची पाटी दुसरीच्या हातात दिली. मी रोज स्वतःला विचारायचे, हात वर केला नसता तर? आणि रोज उत्तर यायचं की मग तो हात अक्कांचाच झाला असता, माझा नाही.

आज त्या खोलीत शाळा भरते. यंदा स्वराज्य आलं, तेव्हा झेंडा त्याच धाब्यावर लागला आणि जुन्या गावातले लोक आमच्याकडे बघायला आले. चार गल्ल्यांची वसाहत झाली आहे, आणि अजून भाडेकरू एकही नाही. माझ्यामागे आणखी चार बायका सतरंजीवर बसतात. एकीचा नवरा फौजेत आहे, दोघी विधवा, आणि एकीचं कारण काही नाही, तिलाच यायचं होतं.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या उन्हाळ्याचं. धाबं तयार झालं, सुकलं आणि बायका परातींसह वर चढल्या. पिवळट ज्वारीचे बिबडे चादरींवर पडत गेले. अक्कांना गुडघ्यांमुळे शिडी चढता येत नव्हती. त्यांनी आपला बिबड्यांच्या चिकाचा हंडा सुनेबरोबर वर पाठवला आणि स्वतः खाली कडुनिंबाच्या सावलीत बाज टाकून बसल्या. मी वर, कडेशी. आमचं बोलणं अजून बंदच होतं. एकाएकी खालून आवाज आला.

"काय व! मना बिबडास्वर पाय दिशी तर देख!"

मी कडेवरून वाकून पाहिलं. त्या वर माझ्याकडेच बघत होत्या, डोळ्यांवर हाताची सावली धरून.

"अक्का," मी म्हटलं, "पुढच्या बैठकीत कौलांचा ठराव आणा मुलाकडून."

"आणसूच!"

"मी विरुद्ध हात वर करीन."

"कर व माय, करच," अक्का म्हणाल्या. "त्यानाकरताच तर तुले तठे बसाडं."